आत्यांच्या फेऱ्या

जिन्यात किल्ल्या वाजल्या आणि दुपारभर साचलेली शांतता मोडली.

मी खिडकीपाशी बसून यंत्राचं मराठी तपासत होते. शेतकऱ्यांना फोनवर हवामान सांगणारे आवाज असतात ना, त्यांचे उच्चार दुरुस्त करणं हे माझं काम. 'गारपीट' म्हणताना यंत्र अजून अडखळतं. पण खरं सांगायचं तर मघापासून मी यंत्राला ऐकतच नव्हते. माझा जीव कानांत होता आणि कान जिन्यात. शाळेची बस येऊन गेली असेल, मग अजून का नाही आल्या, रस्ता ओलांडताना काही झालं असेल का, की आता येणारच नाहीत? तळहात ओले झाले होते.

आणि किल्ल्या वाजल्या. कुणी छातीत कोमट पाण्याचा तांब्या हळूच रिता करावा, तसं आतून सगळं सैल झालं.

"उघड गं, हात भरलेत!"

मी दार उघडलं आणि हसले. म्हणजे हसू आलं. मी ते आणलं नव्हतं.

"आई, आज स्वरानं माझा खोडरबर खाल्ला!" अबोली माझ्या पायांना धडकली.

"खाल्ला?"

"थोडा."

"नाव ठेवलंय अबोली," मागून आत्या म्हणाल्या, "आणि स्टॉपपासून इथवर तोंडाला ब्रेक नाही." त्यांनी भाजीची पिशवी ठेवली, किल्ल्यांचा जुडगा कमरेला नीट खोवला आणि माझ्या तोंडाकडे बघून त्याही हसल्या.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, हेमलता. साताऱ्याकडच्या आमच्या घरांत सासूला आत्याच म्हणतात. सारी नोकरी त्यांनी एसटीत कंडक्टर म्हणून केली. दाराचं कुलूप आता आपलं तोंड बघून उघडतं, पण त्यांचा त्यावर विश्वास नाही. "उद्या दाढ सुजली माझी, तर बाहेर बसू?" म्हणून आल्या दिवशीच त्यांनी लेकाकडून खऱ्या किल्ल्या मागून घेतल्या. त्या कमरेला लावून त्या दिवसातून कितीदा तरी खाली-वर करायच्या. बस, भाजी, देऊळ, कोपऱ्यावरची गिरणी. आणि दर वेळी दारात मी अशी उभी.

लग्नात याच आत्या म्हणाल्या होत्या, "तन्मयनं दुखणं बांधून घेतलं गळ्यात." मी ऐकलं होतं. आता मात्र त्यांच्या हातची आमटी खाताना मला वाटायचं, माझं दुखणं बरं होतंय याचा पुरावा हाच. ज्यांचा राग राग केला त्यांचाच लळा लागला.

दुखण्याचं नाव सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार. नाव ऐकून लोकांना वाटतं, ही बाई लष्करात होती की काय. सोप्या शब्दांत सांगायचं तर, नजरेआड गेलेलं माणूस माझ्यापुरतं संपतं. तन्मयला उशीर झाला की मी आधी विनवायचे, मग वाट्टेल ते बोलायचे. एकदा त्याचे सगळे शर्ट गॅलरीतून खाली फेकले आणि मग अनवाणी जाऊन एकेक छातीशी धरून वर आणला. त्यापुढचंही एकदा झालं. मी न्हाणीघरात होते, कडी आतून लावलेली. दोन वर्षांची अबोली बाहेरून "आई, उघड" म्हणत दार वाजवत होती. मी उघडलं नाही. तन्मयनं दार तोडलं म्हणून आज हे लिहिते आहे.

त्यानंतर पुण्याच्या डॉक्टर शिकलगार भेटल्या आणि माझ्या दंडात पाठराखीण आली.

नव्या नवरीबरोबर सासरी पाठवतात ती पाठराखीण. नवरी रुळली की ती परत जाते. डॉक्टरांनी आपल्या यंत्राला तेच नाव दिलं होतं. तांदळाच्या दाण्याहून जराशी मोठी कुपी, दंडाच्या कातडीखाली. ऑक्सिटोसिन हे संप्रेरक बाळंतपणात कळा आणतं, पान्हा फोडतं, माणसाला माणसाशी बांधतं. कुणालाही वाटेल, तेच टोचलं की झालं. पण आमच्यासारख्यांत ते कधीकधी उलटतं. ज्या शरीराला जवळ आलेल्यानंच इजा केलेली असते, ते शरीर जवळीक वाढली की धोका वाढला असंच वाचतं. डॉक्टरांचं म्हणणं, औषध चुकत नाही, वेळ चुकते. माणूस जवळ बसलेलं असताना देऊ नका. परत येतं तेव्हा द्या.

म्हणून यंत्राचा दुसरा भाग असतो, खूण. शर्टाच्या बटणाएवढी चकती. ज्याचा आधार धरायला शिकायचं, त्या माणसाच्या अंगावर ती असायची. माणूस बाहेर गेलं की माझ्या रक्तात कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, चढतं. पाठराखीण ते मोजत राहते. खूण दाराशी आली की त्याच क्षणी ती ऑक्सिटोसिनचा सूक्ष्म थेंब सोडते. असं पुन्हा पुन्हा झालं की डोक्याला जे कधी पटलं नाही ते शरीर शिकतं: गेलेलं माणूस परत येतं.

माझा आधार तन्मय ठरला होता. दुसरं कोण असणार?

त्याच संध्याकाळी तन्मयचा फोन आला. तो चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांची देखभाल करतो. मागे वारा असा घोंघावत होता की त्याला ओरडून बोलावं लागत होतं.

"ऋजुता, अहवाल आला! डॉक्टर म्हणतात असा सुंदर आलेख त्यांनी पाहिलाच नाही. मी एवढा चांगला नवरा आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं."

"मी तरी कुठं सांगितलंय?"

"ऐक ना, उद्या वारा पडणार आहे. पहाटेच पातं उतरवायचंय. आज मुक्काम इथंच करतो."

"बरं."



"बरं? एवढंच?"

"मग काय म्हणू?"

"काही नाही गं. पूर्वी तुझ्या सारख्या कॉलनी माझा फोन हातात धरवायचा नाही, इतका तापायचा." तो हसला, पण हसू पुरतं उमटलं नाही. मला वाटलं, वाऱ्यामुळे असेल.

फोन ठेवला तेव्हा आत्या मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "रविवारी निघते गं मी. सुहासचा फोन होता."

सुहास म्हणजे थोरले दीर, नाशिकचे. मामंजी गेल्यापासून आत्या चार महिने त्यांच्याकडे आणि चार महिने आमच्याकडे राहतात. हे ठरलेलं होतं आणि मला पाठ होतं. तरी कानांत शिट्टी वाजू लागली, बोटांची टोकं गार पडली. माझ्या ओळखीचं होतं हे. ते गेलंय असं मी समजत होते.

"जा ना मग," माझ्या तोंडून आलं. "इथं कुणी अडवलंय? तुम्हाला थोरल्याकडंच बरं वाटतं. इथं काय, वेड्या सुनेवर पहारा."

आत्यांच्या हातातली जुडी तशीच राहिली. "काय गं हे? आत्तापर्यंत तर बरी होतीस."

मी तिथून उठले. पुढे काय केलं ते मला अबोलीच्या आवाजानं कळलं.

"आई, आजीच्या चपला धुवायच्यात?"

मी वॉशिंग मशीनपुढे गुडघ्यांवर बसले होते. आत आत्यांच्या दोन्ही चपला होत्या आणि त्यांच्यावर मी चादर कोंबत होते. चपला सापडल्या नाहीत तर त्या जाणार कशा, हा माझा विचार. एमएपर्यंत शिकलेल्या बाईचा.

हातातलं घड्याळ थरथरलं. पाठराखिणीनं पुण्याला कळवलं होतं आणि डॉक्टर शिकलगार स्वतः फोनवर होत्या.

"ऋजुता, सावकाश श्वास घ्या. मला फक्त सांगा, तन्मय कुठं गेलेत?"

"पठारावर. सकाळीच."

"सकाळी?" त्या म्हणाल्या. "पण मला खूण घरात दिसतेय. अगदी तुमच्या जवळ."

मी मान वळवली. दारात आत्या उभ्या होत्या, एका हातात मेथीची काडी, कमरेला किल्ल्या. जुडग्यात घराच्या दोन किल्ल्यांच्या मधोमध बटणाएवढी राखाडी चकती लोंबत होती.

तन्मय दुसऱ्या दिवशी दुपारी धुळीनं माखलेला आला आणि जुडगा हातात घेऊन बसूनच राहिला. चूक साधीच होती. पवनचक्कीवर चढताना अंगावर सुटी वस्तू चालत नाही, अंगठीसुद्धा नाही. म्हणून त्यानं खूण जुन्या किल्ल्यांत अडकवून दप्तरात टाकली. दप्तर त्याच्याबरोबरच घरी यायचं, काम भागायचं. मग आई आली, तिनं किल्ल्या मागितल्या, त्यानं जुडगा काढून दिला. आलेख आणखी सुंदर होत गेले, त्यामुळे खुणेची आठवण व्हायचं कारणच उरलं नाही.

"म्हणजे ते सगळे आलेख," तो म्हणाला, "आईचे?"

"तुझे नव्हेत एवढं नक्की," आत्या म्हणाल्या.

"मी रात्रीचा येतो तेव्हा तुला काहीच..." त्यानं माझ्याकडे बघितलं. मला त्याची फार माया आली. डोक्यात आली, पण अंगात काही हललं नाही. हे त्याला दिसलं असेल का, याचीच मला धास्ती.

डॉक्टर पडद्यावर आल्या. अबोलीला शेजारी पाठवलं. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. माझ्या शरीरानं आता आधार आत्यांचाच धरला होता, आणि त्या गेल्या तर चार महिने दारात येणार नाहीत. शरीरानं नुकताच शिकलेला धडा उलटा वाचला जाईल: गेलेलं माणूस येतच नाही. "आणि या वेळी कोसळणं आधीपेक्षा खोल असू शकतं," त्या म्हणाल्या. न्हाणीघराचं नाव कुणी काढलं नाही. तन्मयनं नुसती माझी मनगटं हातात घेतली.

"मग आई इथंच राहील," तो म्हणाला.

"आणि सुहासला काय सांगू?" आत्या म्हणाल्या. "धाकट्या सुनेनं मला बॅटरी केलंय म्हणून? अरे, बाजारात जरा रेंगाळले तर ही मशीनमध्ये काय काय घालेल! काल चपला होत्या. उद्या मला घालेल."

मला हसू फुटलं आणि त्याच दमात रडू. त्यांचं खरं होतं. मी त्यांना देवळातसुद्धा निवांत बसू दिलं नसतं.

"दुसरा उपाय?" मी विचारलं.

"धागा सैल करता येतो," डॉक्टर म्हणाल्या. "माणसाची ओढ ही शेवटी आठवणच. ती जागी झाली की थोडा वेळ ओल्या मातीसारखी मऊ असते, मग पुन्हा घट्ट बसते. ती मऊ असतानाच पाठराखीण ऑक्सिटोसिनला अडवणारं द्रव्य सोडेल. आत्या कोण, त्यांनी तुमच्यासाठी काय केलं, यातलं काही पुसलं जाणार नाही. फक्त त्यातली ऊब उतरेल. मग त्यांचं जाणं तुम्हाला झेपेल. नंतर खूण तन्मयच्या पायात पट्टीनं बांधू आणि पहिल्यापासून सुरू करू."

"पण ती आठवण जागी कशी करायची?" तन्मयनं विचारलं.

"जशी ती बसली तशीच. आत्यांनी बाहेर जायचं आणि किल्ल्या वाजवत आत यायचं. पुन्हा पुन्हा. रविवारच्या आत."

पडदा बंद झाला. तन्मय तोंड धुवायला गेला, तो बराच वेळ आलाच नाही. आत्यांनी जुडगा टेबलावर ठेवला.

"म्हणजे तुला माझी माया लागली, ती या बटणानं."

मी मान खाली घातली. "मला ठाऊक नव्हतं आत्या. मला खरीच वाटली. अजूनही वाटतेय."

"तुझं सोड. तुझ्या दंडात यंत्र आहे." त्या चकतीवर बोट फिरवत होत्या. "मला काय टोचलंय? मला का लागली मग?"



"तीस वर्षं गाडीवर होते. दमून घरी यायचे, तर दारात पहिला प्रश्न, स्वयंपाकाचं काय. आता दोन्ही लेकांच्या घरी आले की 'आलीस का' म्हणतात. चांगली पोरं आहेत, नावं ठेवत नाही. पण मी दारात आले म्हणून कुणाचं तोंड असं उजळलेलं मी कधी बघितलं नव्हतं. तू उजळायचीस. गिरणीत दळण नसतानाही गेलेय मी, तुला खोटं कशाला सांगू. नुसतं जाऊन परत यायला."

"मग नको करूया," मी म्हणाले. "मी सोसेन."

"गप." आवाज एकदम गाडीतला झाला. "त्या पोरीनं एकदा दार वाजवलंय. पुन्हा नको. उद्या सकाळी सुरू करू. फेऱ्या मारायची मला सवय आहे."

शनिवारी सकाळी आत्यांनी किल्ल्या कमरेला खोवल्या आणि चपला घातल्या. चपलांना अजून साबणाचा वास होता. अबोलीला सांगितलं, हा खेळ आहे. आजी खाली जाऊन येईल, तू दार उघडायचंस. ती कमालीची खूश झाली. दारापाशी स्टूल ओढून बसली आणि तोंडानं घंटी वाजवली, "टिंग टिंग!"

"डबल बेल," आत्या म्हणाल्या आणि गेल्या.

पहिल्या फेरीला किल्ल्या वाजल्या आणि नेहमीसारखा तांब्या रिता झाला. "आजी आली!" अबोली ओरडली. मी हसले, आत्या हसल्या. मग दंडात बारीक थंड चमक उठली आणि कोमट पाणी निम्म्यातच थांबलं.

"पुन्हा!" अबोली म्हणाली.

आत्या पुन्हा गेल्या. फाटकापाशी वॉचमनच्या खुर्चीवर टेकायच्या, तो विचारायचा, "काय विसरलं का मावशी?" त्या म्हणायच्या, "हां, विसरायचंच चाललंय." मला वर खिडकीत ऐकू यायचं. मग जिना. त्यांच्या गुडघ्यांना जिना सोसत नाही. एकेक पायरीला किल्ल्या वाजायच्या, आणि पूर्वी ज्या आवाजाकडे माझं सगळं अंग धावायचं तो दर वेळी थोडा लांबून येऊ लागला. शेजारच्या घरातून यावा तसा. मग समोरच्या इमारतीतून.

दार उघडलं की त्या आधी माझं तोंड बघत. भरलेल्या गाडीत कुठं एखादी जागा रिकामी आहे का, हे कंडक्टर कसा शेवटच्या बाकापर्यंत बघतो, तसं. मला ते बघवेना. एका फेरीला मी ठरवून हसले. ओठ ओढले, डोळे बारीक केले.

"उसनं नको," आत्या धापा टाकत म्हणाल्या. "डॉक्टरांचा आलेख चुकेल."

"बसा थोडं. पाणी देते."

"नंतर. गरम आहे तोवर उरकू."

तन्मय स्वयंपाकघरात आमच्याकडे पाठ करून उभा होता. त्यानं कुकर लावला होता, पण शिट्टी होऊ देत नव्हता. किल्ल्यांच्या आवाजात दुसरा आवाज नको, असं त्याला वाटलं असावं. मध्येच येऊन त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला, यात आपलंही काही मिसळेल अशी भीती वाटल्यासारखा.

दुपार कलली. आत्या पुन्हा खाली गेल्या होत्या. मी खिडकीशी बसले. परवाची ती धास्ती मी आत शोधू लागले. रस्ता ओलांडताना काही झालं असेल का, आता येणारच नाहीत का. शब्द सगळे जागेवर होते. तळहात मात्र कोरडे होते. रविवार आता मला झेपणार होता. ज्यासाठी सगळं केलं ते साधलं होतं आणि मी कोरड्या तळहातांकडे बघत बसले होते.

किल्ल्या वाजल्या. किल्ल्याच वाजल्या, दुसरं काही नाही.

अबोलीनं दार उघडलं. "आजी आली!"

उंबऱ्याबाहेर एक घामाघूम वयस्कर बाई कठड्याला धरून उभी होती. पदर खांद्यावरून घसरलेला, कपाळाला केस चिकटलेले. या आत्या, मला माहीत होतं. त्यांनी मला आमटी करून घातली, माझी लेक सांभाळली, आणि आज दिवसभर जिना चढून स्वतःला माझ्यातून काढून टाकलं, हेही मला माहीत होतं. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. या वेळी फार वेळ बघितलं नाही.

"झालं वाटतं," त्या म्हणाल्या. कमरेचा जुडगा काढून तन्मयच्या हातात दिला, आत जाऊन खुर्चीवर बसल्या आणि गुडघे चोळू लागल्या. मी पाण्याचा तांब्या नेला. त्यांनी तो घेताना माझी बोटं जरा जास्त वेळ धरली. मी काढून घेतली नाहीत.

अबोली स्टुलावरून उतरली. ती दिवसभर दार उघडत होती. दोन्ही बाजूंची तोंडं तिच्याइतकी जवळून कुणीच पाहिली नव्हती. तिनं आजीकडे बघितलं, मग माझी ओढणी ओढून मला खाली वाकवलं आणि माझ्या कानात, आजीला ऐकू जाऊ नये इतक्या हळू, विचारलं, "आई, आजी नाशिकहून खरीखरी परत येईल ना, तेव्हा तू पहिल्यासारखी हसशील?"